टिंब

एकशे सदतीस पानं, एकमेकांना चिकटलेली,
दोन्ही कडांना भोकांची पट्टी अजून तशीच.
मिरचीच्याच पोत्यात घालून आणली
वाडीलालशेठच्या नातवाने.
म्हणाला, मशीन गेलं, फ्लॉप्या बुरसल्या,
आता छापलेलं एवढंच उरलंय.
कुठल्या महिन्यात ओल्या मिरचीची घट किती धरायची
ते ह्या कागदालाच ठाऊक.
टाईप नको करू, ताई, स्कॅन कर. लवकर होईल.

लवकर.

पहिलं पान काचेवर ठेवलं आणि शिंकले.
तेहतीस वर्षांची मिरची.
नंदुरबारात कागद कोरा राहत नाही.
पथारीवरून उठते, भिंतीवरच्या घड्याळात बसते,
वाळत घातलेल्या पापडांवर,
नव्या नवरीच्या शालूत.
मग ह्या घड्यांत का नाही.

संगणक वाचायला लागला.
शून्याला ओ म्हणाला, ओला शून्य,
एकाला एल, आठाला बी.
रिबिनीची शाई विटली होती तिथे
ई-चा खालचा पाय गेला,
तो एफ होऊन उभा राहिला, मुकाट.
गोटू तर एकही धड उतरला नाही.
तसा मला माहीत असलेला गोटू
म्हणजे शेजारच्या सुपडूचा धाकटा,
सांगितल्या जागी तोही कधी पोचला नाही.

आणि टिंबं.
चारशे बारा किलोचे चार पूर्णांक बारा,
नावांच्या पोटात टिंबं, रिकाम्या ओळीत टिंबं.
लाल धूळ स्कॅनरला काळीच दिसते.

ज्याने हे लिहिलं तो हिलाल भामरे,
पेढीवरचा कारकून, रात्री एस्टीने धुळ्याला जाऊन शिकलेला.
मधूनमधून स्वतःशी बोललाय,
अहिराणीत, पण इंग्रजी अक्षरांत.
एके जागी त्याने लिहिलं होतं, आठे हात लाऊ नको.
यंत्राने अहिराणी कधी ऐकली नव्हती.
त्याने वाचलं: द हॅट लॉ.
टोपीचा कायदा.
मी एकटीच हसले, खुर्चीवर, दुकानात कोणी नसताना.

खाली ओळ बाराशे ऐंशी. तिथे अडले.
नंबर शोधला. देवपूरला असतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं.
वाचून दाखवलं:
देठ खुडणाऱ्या बायांची मजुरी,
वजन अधिक नऊ, पुढचे तुकडे सोडून पूर्ण किलो.
नऊच्या आधी एक टिंब आहे, काका.
ते तुमचं, की मिरचीचं?

बराच वेळ काही नाही. मागे कुकरची शिट्टी.
मग म्हणाले,
"मले काय इचारस? याद नही रायनं.
जीभले लाई देख.
तिखं लागनं ते खोडी टाक."

आधी सरावाला इतर टिंबं घेतली.
अकरा. अकराही खरी निघाली,
डोळ्यांत पाणी आलं.
मग बाराशे ऐंशी.
जीभ टेकवली, थांबले.
काही नाही.
कागदाची जुनी, ओशट चव,
आणि तिच्या मागे जरा लोखंडासारखं काहीतरी.

म्हणजे नऊ नव्हे, नऊ दशांश.
टोपलीत साडेसहा किलो भरलं
तर पेढी सहा धरायची, सगळ्याच पेढ्या सहा धरायच्या.
ह्या टिंबाने सात धरलं.
दर संध्याकाळी, दर बाईमागे,
मशीन जिवंत होतं तितके हंगाम.
शेठने आकडे पाहिले, ओळ पाहिली नाही.
मोगीबाई वळवी अजून सांगते,
त्या वर्षांत माझा हात फार चालायचा.

नातू आला. झालं का सगळं?
झालं, म्हटलं.
टोपीचा कायदा तेवढा खोडला,
त्याच्या जागी एकेक अक्षर दाबत परत लिहिलं
आठे हात लाऊ नको,
आणि खालच्या ओळीला नाही लावला.

त्याने पैसे मोजले, सुटे नव्हते,
दहा रुपये राहू दे म्हणाला.
मी चहा मागवला होता.
पहिल्या घोटाला ओठ असे पेटले
की कप खाली ठेवावा लागला.